आयर्लंडचे फोटो चार माणसांत कसे दाखवावेत, त्यांवर कसं बोलावं

‘अजी, स्वर्गच आहे हो!’ हे वाक्य आमच्या बैठकीत चालत नाही. कुणी म्हटलंच तर बाकीचे हसतात आणि म्हणणाऱ्याने त्याच फोटोबद्दल आणखी तीन वाक्यं बोलायची, असा दंड आहे. कारण साधं आहे. स्वर्ग म्हटलं की विषय संपतो, बोट पुढच्या फोटोकडे सरकतं आणि पोराने वाऱ्यापावसात उभं राहून काढलेला फोटो दोन सेकंदांत निकालात निघतो.

बैठक म्हणजे फार काही नाही. नागपूरला धंतोलीतल्या आमच्या घरी, महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी चारनंतर दहा-बारा माणसं जमतात. माझी थोरली लेक गॉलवेला असते, बँकेतून निवृत्त झालेल्या भाऊंचा मुलगा कॉर्कला, खामल्याच्या वहिनींची भाची डब्लिनला. म्हणून आमचा विषय आपोआप आयर्लंड झाला. यातलं कुणीही फोटोग्राफर नाही. सगळे फोनवर काढतात, एखाद्याकडे जुना कॅमेरा. मी सीताबर्डीच्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटर होतो, दुसऱ्यांनी काढलेले फोटो बघण्यातच माझी नोकरी गेली. त्या जोरावर हे लिहितो आहे. तुमच्याकडेही लेकरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडत असतील, तर उपयोगी पडेल.

आधी निवड, मग चिठ्ठी

एका माणसाने एका बैठकीला बारापेक्षा जास्त फोटो आणायचे नाहीत. एकाच कड्याचे सात फोटो असतील तर एक ठेवा. कोणता ठेवायचा ते आईने ठरवू नये, काढणाऱ्यालाच विचारावं. आईला सातही आवडतात.

प्रत्येक फोटोसोबत चिठ्ठी हवी. तीत पाच गोष्टी: गाव आणि काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा), तारीख, घड्याळातली वेळ, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं, आणि पाठीमागे काय होतं. ही पाचवी गोष्ट मी हट्टाने मागतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या मोहरच्या कड्यांच्या फोटोत समोर अटलांटिक समुद्र असतो आणि २१४ मीटरपर्यंत चढलेली काळी भिंत. पाठीमागे मात्र पर्यटकांच्या बसगाड्या, पार्किंग, आणि पलीकडे गाई चरत असलेलं कुणाचं तरी शेत. लेकीने हे लिहून पाठवलं की गप्पांना दोन्ही बाजू मिळतात.

चिठ्ठीचं महत्त्व पटवायला मी फादर फ्रान्सिस ब्राउनची गोष्ट सांगतो. हा आयर्लंडचा जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचा पाद्री, १८८० चा जन्म, कॅमेरा त्याला बिशप असलेल्या काकाने दिलेला. एप्रिल १९१२ मध्ये तो टायटॅनिकवर चढला, साउदॅम्प्टन ते क्वीन्सटाउन एवढाच प्रवास केला (त्या बंदराचं आजचं नाव कोव्ह) आणि वरिष्ठांच्या आज्ञेवरून तिथे उतरला. उतरताना जहाजावरचे फोटो त्याच्याजवळ होते. त्यानंतर तो आयुष्यभर फोटो काढत राहिला: आयर्लंडची गावं, बाजार, शाळा, पहिल्या महायुद्धातले सैनिक. १९६० मध्ये तो गेला, आणि १९८५ मध्ये एका पेटीत त्याच्या सुमारे ४२,००० निगेटिव्ह सापडल्या. त्या कुठल्या, कधीच्या हे त्याने नीट लिहून ठेवलं होतं, म्हणून पेटीतलं सगळं पुन्हा उभं राहू शकलं. पोटापाण्यासाठी फोटो काढणारा तो माणूस नव्हता, हे आमच्या मंडळींना फार आवडतं.

एक तांत्रिक खोडा इथेच सांगतो. फोन स्वतःचं घड्याळ स्वतः लावतो, कॅमेरा लावत नाही. नागपुरात घेतलेला कॅमेरा तिकडे नेला की त्यात भारताचीच वेळ राहते. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे जूनमध्ये रात्री साडेनऊच्या उजेडात काढलेल्या फोटोवर पहाटेचे दोन दिसतात, आणि मग बैठकीत कुणी तरी मध्यरात्रीच्या सूर्यावर भाषण ठोकतो. आयर्लंडमध्ये मध्यरात्री सूर्य दिसत नाही. मुलांना कॅमेऱ्याचं घड्याळ लावायला सांगा.

फाइल, टीव्ही, प्रिंट

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि काढल्याची तारीख-वेळही त्यातून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. मात्र तिच्यात जागेचा नेमका ठावठिकाणाही असू शकतो. घरातल्या घरात ठीक. तीच फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

टीव्हीवर दाखवणार असाल तर आधी त्याची ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ म्हणतात ती सेटिंग काढा आणि ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ लावा. दुकानात टीव्ही चमकावा म्हणून ती सेटिंग असते. आयर्लंडचं गवत तीत पोपटासारखं दिसतं. पडदे ओढा, पण खोली पूर्ण काळी करू नका.

मला स्वतःला प्रिंटच बरी वाटते. ती हातात फिरते, मागे वळते, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याजवळ नेता येते. ४×६ पुरे. त्यासाठी १२०० बाय १८०० पिक्सेल असले की चांगली प्रिंट निघते. पण फोनचा फोटो चारास तीन या मापाचा असतो आणि ४×६ चा कागद तीनास दोन. लॅबवाला काही न विचारता वरखालचा भाग कापतो, आणि तुमच्या लेकीने जो ढग मुद्दाम घेतला होता तोच जातो. काउंटरवर सांगा, ‘फोटो पूर्ण येऊ द्या, पांढरी बॉर्डर राहिली तरी चालेल.’ कागद मॅट घ्या. ग्लॉसीवर बोटं उमटतात, आणि आमच्याकडे तर शेवटी तर्री-पोहे असतात. तर्री नेहमी सगळ्या प्रिंट पाकिटात गेल्यावरच. एप्रिल-मेमध्ये कूलरच्या झोताखाली प्रिंट ठेवू नका, ओल धरून कडा वळतात आणि एकमेकींना चिकटतात.

हिरवा किती हिरवा

आपले डोळे विदर्भाचे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत वाळलेलं माळरान बघितल्यावर कुठलाही हिरवा आपल्याला खोटाच वाटतो. म्हणून बैठकीत पहिला वाद हाच: हा रंग खरा की फोनने भरलेला?

आधी आकडे सांगून टाका. डब्लिनचा वर्षाचा पाऊस साधारण साडेसातशे मिलिमीटर, नागपूरचा हजाराच्या वर. ऐकून सगळे चमकतात. फरक आहे वाटणीत. आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, त्यांचा बारा महिने थोडा थोडा पडत असतो. पश्चिमेकडे तर एकूण पाऊसही जास्त, आणि वर्षातले दोनशेहून अधिक दिवस ओले. त्यात हिवाळा फार कडक नाही, उन्हाळा तापत नाही, त्यामुळे गवताला वाळायला सवडच मिळत नाही. तेव्हा हिरवा खरा आहे. प्रश्न फक्त प्रमाणाचा.

लॅबमध्ये आम्ही रंग जमवताना हिरव्याकडे बघतच नसू. राखाडी बघायचो. तुम्हीही तेच करा. फोटोत डांबरी रस्ता, चुनखडीची भिंत, स्लेटचं छप्पर, ढग, असं काहीतरी राखाडी असतंच, आयर्लंडमध्ये तर हमखास. ते हिरवट दिसत असेल तर अख्खा फोटो हिरव्याकडे झुकलाय. निळसर असेल तर ढगाळ उजेडाचा परिणाम, तो थोडा राहू द्यावा, कारण तिथली हवा तशीच असते. राखाडी जागेवर असेल आणि गवत तरीही डोळ्यांत खुपत असेल तर कुणीतरी सॅच्युरेशनची (रंग गडद करण्याची) पट्टी ओढली आहे. त्याला प्रेमाने विचारा.

या रोगाचा एक मोठा इतिहास आहे. जॉन हाइंड नावाचा इंग्रज फोटोग्राफर आयर्लंडमध्ये स्थायिक झाला आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याने रंगीत पोस्टकार्डांचा धंदा केला. आकाश गडद निळं, गवत झगझगीत, कपडे लालभडक. रंग छपाईच्या वेळी वाढवून घेतलेले. समोर काही नको असलेलं आलं की रोडोडेंड्रॉन या फुलझाडाची फांदी आणून आड धरायची. लाल केसांची दोन मुलं आणि टोपल्यांत टर्फ (दलदलीतलं जळण) लादलेलं गाढव हे त्याचं कार्ड जगभर गेलं. जगाच्या मनात आयर्लंडचा जो रंग आहे त्यात या कार्डांचा वाटा मोठा. ती वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, माणूस कामात हुशार होता. पण तुमची लेक पोस्टकार्ड विकायला बसलेली नाही. तिच्या खिडकीतून दिसणारा मंगळवारचा राखाडी दिवस तिने तसाच पाठवला तर आपल्याला जास्त कळतं.

उजेड ओळखणं

नागपूर २१ अंश अक्षांशावर, डब्लिन ५३ वर. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. डब्लिनला डिसेंबरच्या मध्यावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर असतो. आपल्याकडे संध्याकाळी अर्धा तास मिळणारा तिरपा, लांब सावल्यांचा उजेड तिकडे हिवाळ्यात दिवसभर असतो, फक्त ढग बाजूला झाले पाहिजेत. आणि दिवसच लहान. गॉलवेला डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, जूनच्या अखेरीस तो रात्री दहानंतर.

यावरून बैठकीत खेळ करता येतो. चिठ्ठी झाकायची आणि सावल्या बघून महिना व वेळ ओळखायची. भाऊ यात तरबेज झाले आहेत.

तिरप्या उजेडाचा आणखी एक फायदा आहे, तो मी मुलांना मुद्दाम सांगतो. पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवर, जिथे आज फक्त गवत आणि मेंढ्या दिसतात, तिथे संध्याकाळी समांतर वरंबे उमटतात. हे बटाट्याचे जुने वाफे, तिकडे त्यांना ‘लेझी बेड’ म्हणतात. दुपारच्या सपाट उजेडात दिसत नाहीत. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात बटाट्यावर रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली, आणि असे कितीतरी वाफे परत कुणी लावले नाहीत. गवताखाली ते अजून आहेत. लेकीने गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कॉनेमाराचा एक फोटो पाठवला होता, नुसता उतार, ना घर ना माणूस. ‘यात काय आहे?’ असं वहिनी म्हणाल्या. प्रिंट खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली, बोटाने वरंबे दाखवले. त्या फोटोवर आम्ही पोह्यांपर्यंत बोलत होतो.

दिशेचंही तसंच. मोहरचे कडे पश्चिमेला तोंड करून उभे आहेत. सकाळी गेलात तर त्यांची भिंत सावलीत, काळी. दुपारनंतर तिच्यावर ऊन येतं आणि दगडाचे थर सुटे दिसू लागतात. फोटो काळा आला म्हणून फोन बदलायची गरज नाही, सकाळची बस बदलायची.

फोटोत वाचण्यासारखं

बैठकीचा हा माझा आवडता भाग. फोटो कुठला हे चिठ्ठी न बघता सांगायचं. खुणा शिकायला वेळ लागत नाही.

पहिल्यांदा, प्रजासत्ताक आयर्लंड की उत्तर आयर्लंड? बेट एक, राज्यं दोन, उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग. (बेट किती मोठं म्हणाल तर सगळं मिळून सुमारे ८४,००० चौरस किलोमीटर, आपल्या विदर्भापेक्षा लहान.) रस्त्यावरची धोक्याची पाटी पिवळी आणि चौकट कोपऱ्यावर उभी असेल तर प्रजासत्ताक, लाल काठाचा त्रिकोण असेल तर उत्तर. रस्त्याच्या कडेची रेघ पिवळी तर प्रजासत्ताक, पांढरी तर बहुधा उत्तर. अंतरं किलोमीटरमध्ये की मैलांत, तेही बघा. प्रजासत्ताकात पाटीवर आयरिश नाव तिरप्या अक्षरांत वर आणि इंग्रजी नाव खाली मोठ्या अक्षरांत असतं. फक्त आयरिश नाव असेल तर तो बहुधा आयरिश बोलणारा भाग, तिथे त्याला गेल्टाक्ट म्हणतात. टपालपेटी हिरवी असेल तर प्रजासत्ताक. तिच्यावर ब्रिटिश राजाराणीची अक्षरं कोरलेली दिसली तर हसू नका. १९२२ नंतर जुन्या लाल पेट्याच हिरव्या रंगवून वापरात ठेवल्या.

गाडीची नंबरप्लेट तर आपल्या नागपूरच्या एमएच ३१ सारखीच बोलकी. आधी वर्ष, मग काउंटीचं अक्षर: जी म्हणजे गॉलवे, सी कॉर्क, डी डब्लिन, सीई क्लेअर, केवाय केरी, डीएल डोनेगल. २०१३ पासून वर्षापुढे १ किंवा २ लावतात, वर्षाचा पहिला अर्धा की दुसरा ते सांगायला. प्लेटवरून गाडी पहिल्यांदा कुठे नोंदली ते कळतं, फोटो कुठे काढला ते नाही. पण एका गल्लीत पाचातल्या चार गाड्या केवायच्या असतील तर पैज लावायला हरकत नाही.

मग झाडंझुडपं. काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरलेली असतील तर ते गॉर्स, एप्रिल-मेचा सुमार. रस्त्याच्या कडेच्या कुंपणावर लाल-जांभळी लोंबती फुलं म्हणजे फुशिया, उन्हाळ्याचा उत्तरार्ध, बहुधा केरी किंवा पश्चिम कॉर्क. डोंगर जांभळट असेल तर हेदर, ऑगस्टच्या आसपास. राखाडी दगडांच्या भेगांतून गडद निळं इवलं फूल डोकावत असेल तर क्लेअरमधला बरेनचा पठारी भाग आणि मे महिना.

भिंतींवर तर स्वतंत्र रविवार घालवता येईल. पश्चिम किनाऱ्याजवळच्या ॲरन बेटांवर शेताशेताभोवती दगडी भिंती, चुना-माती काही नाही, नुसते दगडावर दगड. पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘एवढ्या भिंती कायले बांधल्या जी? काय चोरीले जाते तिथं?’ प्रश्न अगदी रास्त. उत्तर असं की शेत करायचं तर आधी दगड उचलावेच लागत, आणि उचललेला दगड कुठेतरी रचावाच लागे. शिवाय वारा अडतो, जनावरं अडतात. दगडांमधल्या फटींतून वारा थोडा गळून जातो, म्हणून भिंत पडत नाही. फोटो मोठा करून बघा, पलीकडचं आकाश त्या फटींतून दिसतं.

काळ्या-तपकिरी विटांचे छोटे ढीग दलदलीच्या रानात उभे दिसले तर ते टर्फ, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींचं जळण. उन्हाळ्याच्या तोंडाशी कापतात, पसरवतात, अर्धं वाळलं की चार-सहा तुकडे एकमेकांना टेकवून उभे करतात. घरात जाळण्याची ही पद्धत आता वादात आहे, धुरामुळे आणि दलदल नष्ट होते म्हणूनही. २०२२ पासून त्याच्या विक्रीवर निर्बंध आले. तेव्हा असा फोटो आला की काढणाऱ्याला विचारा, गावात अजून कोण कापतं? मेंढ्यांच्या पाठीवर निळा-लाल रंग दिसेल, ती मालकाची खूण.

आणि जायंट्स कॉजवेचा फोटो कुणीतरी आणणारच: षटकोनी काळे खांब, सुमारे ४०,०००, समुद्रात उतरत गेलेले. तो उत्तरेत, अँट्रिम काउंटीत. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना तडकून झालेले ते खांब. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगडही लाव्हाचाच, त्याहून थोडा जुना. एवढं सांगितलं की मंडळी एकदम घरची होतात.

माणसांचे फोटो

इथे थोडं जपून.

समजा, कुणी परक्याने आपल्या मारबतीचा फोटो काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गर्दी, पिवळी मारबत, काळी मारबत, बडगे असे मिरवणुकीतले पुतळे. आणि त्याच्या गावी चार लोक तो बघून ‘किती रंगीत!’ म्हणून पुढे सरकले. आपल्याला काय वाटेल? कोणाचा बडगा होता, त्यावर काय लिहिलं होतं, लोक का ओरडत होते, हे न विचारता? तेच आपण करू नये. ऑगस्टमध्ये केरीतल्या किलॉर्गलिनला पक फेअर भरते, रानातला बोकड आणून त्याला राजा करतात. तो फोटो आला की बोकडाला हसून झाल्यावर विचारा: त्याला पकडतं कोण, मुकुट कोण घालतं, जत्रेनंतर तो कुठे जातो? मुलाला माहीत नसेल तर तो शेजाऱ्याला विचारेल, आणि त्या निमित्ताने शेजाऱ्याशी त्याचं बोलणं होईल. परदेशात एकट्या राहणाऱ्या पोरांसाठी हे बोलणं फोटोपेक्षा मोलाचं आहे, असं माझं स्पष्ट मत.

१९१३ मध्ये मार्गरीत मेस्पुले आणि मादलेन मिन्यों-आल्बा या दोन फ्रेंच बायका आयर्लंडभर फिरल्या. आल्बेर कान नावाच्या बँकरने जगाचे रंगीत फोटो जमवायचा घाट घातला होता, त्यासाठी. दोघी पेशाने फोटोग्राफर नव्हत्या. गॉलवेच्या क्लॅडा या कोळ्यांच्या वस्तीतल्या लाल शालीतल्या मुलीचा त्यांचा फोटो अजूनही बघत राहावा असा आहे. तेव्हाचा रंगीत फोटो, म्हणजे ऑटोक्रोम, काचेवर बटाट्याच्या रंगवलेल्या पिठाचे कण पसरून होत असे. आयर्लंडचा पहिला रंग बटाट्यातून आला म्हणायचा! फोटोला वेळ फार लागे, म्हणून समोरच्या माणसाला सांगून, उभं करून, स्थिर ठेवूनच काढावा लागे. आज क्षणात निघतो म्हणून विचारायचं राहून जातं. मुलांना सांगा, माणूस ओळखू येईल एवढा जवळ असेल तर विचारा. दुसऱ्यांची लहान मुलं असलेला फोटो बैठकीत दाखवा हवं तर, पुढे पाठवू नका. शेतातून जायचं तर शेतकऱ्याला विचारायचं, फाटक होतं तसं बंद करायचं. तिकडे रान दिसतं ते बहुतेक कुणाच्या तरी मालकीचं असतं.

आणि एक बारीक गोष्ट. आयर्लंडमध्ये २०१५ पासून प्रत्येक घराला स्वतंत्र सात अक्षर-अंकांचा पत्ता-कोड आहे, एरकोड. आपला पिनकोड अख्ख्या भागाचा असतो, तो एका घराचा. दारातल्या पार्सलचा, टेबलावरच्या पाकिटाचा फोटो गमतीत पाठवला आणि त्यावर एरकोड दिसला, तर लेकीचं दार सगळ्या जगाला दाखवल्यासारखं आहे. प्रिंट करण्यापूर्वी कोपरे बघा.

बोलायचं कसं

फोटो आला की निदान अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही. अवघड वाटतं, पण जमतं. मग ज्याच्या घरचा फोटो नाही त्याने सुरुवात करायची, आणि फक्त दिसतं ते सांगायचं. वाटतं ते नाही. उदाहरण देतो, भाऊंच्या मुलाने पाठवलेला कपडे वाळत घातलेल्या दोरीचा फोटो होता.

‘पांढरं घर आहे. दोरीवर चादरी. चादरी आडव्या झाल्यात.’

‘म्हणजे वारा डावीकडून.’

‘मागे समुद्र दिसतो का जी?’

‘समुद्र नाही, काकू, खाडी असेल. कडेला चिखल दिसतो, ओहोटी आहे.’

‘ढग काळे आहेत. मंग ह्या बाईनं कपडे कायले टाकले?’

या शेवटच्या प्रश्नाने फोटो उघडला. तिथे पाऊस थांबायची वाट बघितली तर कपडे कधी वाळायचेच नाहीत, दोन सरींमधल्या वाऱ्यावर वाळवायचे असतात, हे मुलाने नंतर फोनवर सांगितलं. ‘वा, काय फ्रेम आहे’ म्हणून कुणी सुरुवात केली असती तर काकूंनी तोंड उघडलं नसतं.

दिसणारं सांगून झालं की प्रश्न. कुठे उभा होतास? किती वेळ थांबलास? फ्रेमच्या बाहेर डावीकडे काय होतं? सगळ्यात शेवटी आवडनिवड आणि तांत्रिक बोलणं. आकाश पांढरं पडलं असेल तर सांगा, पुढच्या वेळी फोनवर ढगाला बोट लावून उजेड कमी करून घे. क्षितिज कललं असेल तर सांगा. एका फोटोवर एकच सूचना. जास्त दिल्या की पोरं फोटो पाठवणं बंद करतात. आणि घरच्या माणसाने मधे मधे ‘तो फार बिझी असतो हो’ म्हणून बचाव करू नये.

जे बोलणं झालं ते कुणीतरी लिहून किंवा आवाजात रेकॉर्ड करून मुलांना पाठवा. नुसता अंगठा पाठवू नका. आमच्याकडे वहिनी हे काम करतात, चार ओळींत, आणि काकूंचे प्रश्न काकूंच्याच भाषेत.

पुढच्या वेळचे फोटो मागताना कडे, किल्ले, इंद्रधनुष्यं मागू नका, ते येतातच. मी लेकीला या वेळी यादी दिली आहे: कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायच्या दिवसाची गल्ली, शाळा सुटतानाचं फाटक, न्हाव्याचं दुकान, बसथांब्यावर पावसात उभी माणसं (पाठमोरी चालतील), हर्लिंगची (काठी-चेंडूचा तिकडचा खेळ) मॅच सुरू असताना मैदानाकडे नाही तर बघणाऱ्यांकडे तोंड करून एक. बदल्यात इथून तिला फुटाळा तलावावरची संध्याकाळ आणि इतवारीतली एक गल्ली जाईल, तशाच चिठ्ठ्या लावून, ‘पाठीमागे काय होतं’ सकट.

मुलांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं असेल तर आमची वेळ साडेचारची आहे, तेव्हा त्यांच्याकडे उन्हाळ्यात दुपारचे बारा असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवसापासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत कॉल साडेपाचला लावा, आणि पोहे त्याप्रमाणे उशिरा टाका.